पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

आत्याचं डोकं म्हणजे काय चीज होती, ते तिच्या भाचीला विचारावं! आत्या गणिताची मास्तरीण. समोरून गाडी गेली की पाटीवरच्या आकड्याचा स्वभाव हिने ओळखलाच. बऱ्याच जणांनी भाग जाणारा आकडा असला तर तो मनमिळाऊ. एक आणि स्वतः सोडून कुणालाच आत न घेणारा, म्हणजे पुस्तकातली मूळ संख्या, तो हट्टी. मोठा हट्टी आकडा सापडला की बाई दिवसभर खुशीत!

आणि आता अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचाच गेली. नुसती छताकडे बघत पडून असायची.

"तिला काही कळत नाही गं," भाचीचा भाऊ दारातून म्हणाला. "संध्याकाळी वृद्धाश्रमाची गाडी येईल. भिंतीशी किती बोलशील?"

"आत्या आहे आत. मला माहितेय."

"मग एक शब्द तरी बोलू दे!"

भाची शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाचा काळा कोट मांडीवर होता. तिने खुणेचा खडू उचलला आणि सरळ त्या कोटावरच लिहायला लागली.

"आत्या, बघ हं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. सगळे ओळीतले हट्टी. गुणाकार पाच लाख दहा हजार पाचशे दहा. कसला मनमिळाऊ! सातही जण आत. आता त्यात एक मिळव. पाच लाख दहा हजार पाचशे अकरा! सातही जणांची बाकी एक. सगळे दारातून परत! झाला की नाही एवढा मोठा हट्टी आकडा? तुझ्यासाठी शोधलाय."

आत्याच्या कपाळावर आठी पडली. वर्गात कुणी फळ्यावर चुकलं की पडायची, अगदी तीच. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"एको... णीस."

"काय म्हणाली?" भाऊ पुढे आला.

भाचीने एकोणीसने भागाकार मांडला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. बाकी शून्य! सतरापाशी थांबून तिने पुढच्या एकोणीसला विचारलंच नव्हतं, आणि आत्याने ते पडल्या पडल्या पकडलं होतं.

"चुकले गं आत्या! चुकले मी!" ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. चूक निघाली म्हणून इतका आनंद कुणाला झाला असेल का?

भावाने खिशातून फोन काढला. वृद्धाश्रमाला लावून म्हणाला, "गाडी पाठवू नका. आत्या इथेच राहील."

आत्याने उत्तरावर बोट टेकवलं. "अजून... तोड." मग नजर भावाकडे वळली. "तू."

हा बाबा शाळेत गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी पळायचा. आता मुकाट्याने जमिनीवर बसला, कोट पुढ्यात ओढला आणि घाबरत विचारलं, "तीनने जाईल का?"

मघाशीच दारातून परत गेलेल्या तीनचं नाव ऐकून आत्याने वैतागून डोळे मिटून घेतले.