अकरा तुकड्यांचं जॅकेट

साहेबांना जुनं हवं होतं, पण नवंकोरं. "मास्तर, चाळीस वर्षांपूर्वीचे खेळाडू घालायचे तसं जॅकेट काढा. तुकडे जोडून शिवलेलं," एवढं सांगून ते मोकळे झाले. कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना नमुन्यासाठी थोरल्या बहिणीचं धावण्याच्या संघातलं जॅकेट मागून आणायची दुर्बुद्धी झाली.

ताईनं दिलं, पण बजावून. "माझ्या खांद्याचं कुणाजवळ बोलायचं नाही हं. घे शपथ."

ताईचा डावा खांदा जन्मापासून इंचभर खाली. संघाचं जॅकेट तिच्या अंगावर एका बाजूनं गोळा व्हायचं आणि बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. तेव्हा शिवण शिकत असलेल्या मास्तरांनी ते सगळं उसवलं आणि अकरा तुकड्यांत पुन्हा शिवलं. डावी बाजू इंचभर आखूड केली, छातीवर पांढरी पट्टी तिरकी बसवली. बघणाऱ्याची नजर पट्टीवर जायची आणि खांदा सुटायचा. त्या जॅकेटात ताई मान वर करून चालली. पुढे धावणं सुटलं आणि अंगावर बारा महिने शाल आली.

मास्तरांनी कटिंगच्या नव्या कागदी नमुन्यावर दोन्ही बाजू गुपचूप सारख्या केल्या. साहेबांनी टेप लावली आणि ते उखडले.

"डावीकडे हा इंच का वाढवलात?"

"जुनी चूक होती साहेब. दुरुस्त केली."

"चूक? अहो, त्या इंचातच तर सगळा जीव आहे!"

लगेच मीटिंग बसली. जाहिरातवाल्या बाईंना त्या इंचात बंडखोरी दिसली. विक्रीवाल्यानं तर त्यात धावताना वारा कापण्याचा अभ्यासच शोधून काढला, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठावर आलं होतं. एका वाक्यात विषय संपला असता. पण चहा-बिस्किटांच्या शेजारी ताईचा खांदा मांडायचा त्यांना धीर होईना. त्यांनी कात्री उचलली.

सरळ खांद्यांवर ते जॅकेट बसेना, हे उघडच होतं. साहेबांनी जॅकेटाला हात लावला नाही, माणसं दुरुस्त केली. मॉडेल मुलामुलींना आठवडाभर डावा खांदा पाडून चालायची तालीम दिली.

"माझं जॅकेट आहे, मी येणारच," म्हणत ताई जॅकेट दाखवायच्या कार्यक्रमाला आली आणि शाल गच्च लपेटून मास्तरांच्या शेजारी बसली. दिवे लागले. एकामागून एक बारा धडधाकट तरुण-तरुणी डावे खांदे पाडून समोरून चालत गेले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मी कुणाला अवाक्षर बोललो नाही गं. तुझी शपथ."

डोळे बारीक करून ताई एकेकाची चाल निरखत राहिली. मग तिनं शाल काढली, घडी घातली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

"धर ही," ती म्हणाली. "आणि ती चौथी मुलगी बघ. तिला काही जमत नाहीये."