बुटांच्या शेडवरचं गाऱ्हाणं

तळेऱ्याहून देवगडकडे वळलं की उजव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. तिथे शाळेचे काळे बूट तयार होत. मालक घाटावरचे, कामाला आसपासच्या बायका. माझी आई, आनंदी, तळ चिकटवायची. पावसाळी हवेत सोल्युशन धरत नसे, म्हणून जूनपासून खिडक्या लावून घेत. वासाने गुंगी यायची, त्याचं बायका हसू करायच्या. मग आईच्या पायातली चप्पल रस्त्यातच निसटायला लागली. तिला ते घरी आल्यावर कळायचं. त्या वाफेने नसा मरतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आणखी काहीजणी अडखळू लागल्या तेव्हा मालकांनी यंत्रं ट्रकात घातली आणि ते निघून गेले. आई खाटेला लागली. गेल्या श्रावणात वारली.

हे कारखान्याने केलं, असं चारचौघांत कुणी कधी म्हटलं नाही. मला ते एकदा, त्याच जागेवर म्हटलेलं हवं होतं.

आता तिथे हॉटेल होतंय. कामाआधी नव्या मालकांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. जागेवर काय झालं ते सांगून पुढचं रक्षण मागायचं, अशी रीत आहे. गाऱ्हाणं घालणार होते धोंडूमामा, आईचे चुलतभाऊ. ते नारळ मांडत असताना मी जवळ गेले.

"मामा, गाराण्यात आयेचा नाव घे. कशान गेली ता सांग."

"खुळी काय गो तू? हय मानसां जेवूक येतली. त्येंका मड्यांची नावां सांगू?"

आईच्या शेजारी बसून काम केलेली विमलामावशी काठीवर रेलून उभी होती. "घे रे धोंडू. माजा पन आत्ताच घे, मगे परत नारळ नको."

मामा हसले. "बघतंय," म्हणाले.

माणसं जमली. मामांनी हात जोडले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार पयलो बुटांचो कारखानो होतो..."

"व्हय म्हाराजा."

"धा घरांक भाकर मिळाली..."

"व्हय म्हाराजा."

मामा थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी आवाज चढवला.

"आता हय कोना मेल्यामानसाची सावली, इडापिडा रवली आसात, ती भायर काड. नव्या धन्याच्या आड येव देव नको..."

विमलामावशी सगळ्यांबरोबर म्हणाली, "व्हय म्हाराजा." काय मागितलं ते कळायच्या आत, लहानपणापासूनच्या सवयीने, मीही म्हणाले.