हळदीचं फडकं आणि भांड्यांची वडी

लालबागच्या त्या चाळीत गुरुवारी खालच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. अवधूत महाराज आले होते, चोर पकडणारे! पाटावर हळदीत भिजवलेलं ओलं फडकं. निर्दोष माणसाने हात टेकला तर ते पिवळंच राहणार, चोराचा पंजा मात्र लालभडक उमटणार.

"पोलीस चुकतील, कोर्ट चुकेल, आमचं फडकं चुकणार नाही!" महाराज गरजले. जणू फडकं वकिलीची परीक्षा देऊन आलं होतं!

कालिंदीबाईंची सोन्याची कुडी हरवली होती. संशय भांडी घासणाऱ्या सुंदराबाईवर. महाराजांनी आधीच बजावलं होतं, "संशयिताचे हात साबणाने धुऊन आणा. हळदीला विटाळ चालत नाही." म्हणून कालिंदीबाईंनीच मोरीतली भांड्यांच्या साबणाची वडी तिच्या हातात कोंबली आणि "चल चल, पाणी नको वाया घालवूस" म्हणत तशाच साबणाच्या हातांनी तिला खाली नेली.

अकरा जणांनी हात टेकले, काही झालं नाही. सुंदराबाईचा टेकला आणि पाचही बोटं लाल!

"वैनी, पोरांची शपथ, मी नाय घेतली," ती रडत राहिली. कोण ऐकतो? संध्याकाळपर्यंत तिची सहाही घरं सुटली.

चौथ्या दिवशी कुडी सापडली. कालिंदीबाईंच्याच उशीच्या अभ्र्यात! सांगावं, तर लोक काय म्हणतील? त्या गप्प बसल्या. पण बाजारात सुंदराबाई दिसली की त्या रस्ता बदलायच्या. लाज वाटायची, भयंकर लाज.

त्यांची भाची दीपिका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायची. फडक्याची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मावशी, फडक्यावरून कुणाचं काम काढणं बरोबर की चूक, यावर वाद घालत बसण्यापेक्षा फडक्याला गुन्हा कळतो का ते आधी तपासू या ना!"

पुढच्या गुरुवारी फडक्यावर हात टेकायला बारा जण तयार झाले. महाराजही खूश, फुकटची जाहिरात! आधी प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठी लिहिली: कधी दुसऱ्याचं घेतलंय, किंवा आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला भोगू दिलीय? मग बाहेर मोरीवर चाळीतल्या चिंतामणीकाकांनी सोडत काढली. सहा जणांना भांड्यांची वडी, सहा जणांना नुसतं पाणी. यादी काकांच्या खिशात. आत बसलेल्या दीपिकालाही ठाऊक नव्हतं कोण कसले हात घेऊन येतंय.

कालिंदीबाईंच्या वाट्याला नुसतं पाणी आलं. त्यांनी हात टेकला. फडकं पिवळंच!

सहा पंजे लाल, सहा पिवळे. काकांनी यादी उघडली. लाल झालेले सहाही वडीवाले. आणि चिठ्ठ्यांत? बारापैकी अकरा जणांनी "हो" लिहिलं होतं.

"अश्रद्धांपुढे आमची शक्ती चालत नाही!" महाराज फडकं गुंडाळू लागले.

"मग सहा ठिकाणी कशी चालली हो?" काकांनी विचारलं. हॉलभर हशा पिकला. महाराज पाट तिथेच टाकून सटकले.

दीपिकाने शेवटची चिठ्ठी वाचली. "माझ्यामुळे एका निर्दोष बाईचं काम गेलं. मला कळलंय, तरी मी गप्प आहे."

कालिंदीबाई उठल्या. "माझी आहे ती. कुडी माझ्याच उशीत होती. माझा हात बघा, पिवळाधमक! आणि गुन्हेगार मीच."

दाराशी सुंदराबाई उभी होती, दीपिकानेच बोलावलं होतं. तिने पदराने डोळे पुसले. "वडी तुमीच दिलीत ना, वैनी. मी मागितली पण नव्हती."

त्याच संध्याकाळी तिला घेऊन कालिंदीबाई उरलेल्या पाच दारांवर गेल्या आणि प्रत्येक दारात तेच कबूल केलं. तीन घरांनी काम परत दिलं. दोघांनी दार लावून घेतलं.

मंडळी, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुमच्या घरी कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा. कालिंदीबाईंनाही तीस वर्षं ठाऊक होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नाही. पुढच्या वेळी कुणी असं फडकं पसरलं, तर टाळ्या वाजवण्याआधी साबण मागा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी स्वतःच्या उशीचा अभ्रा झटकून बघा.