फेब्रुवारी ते जुलै, मशीन बंद

पाडांगच्या एका खासगी विद्यापीठात मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली. मुलं काँक्रीटचे ठोकळे ओतायची, अठ्ठावीस दिवस हौदात भिजत ठेवायची आणि मग मी ते मशीनखाली घालून फोडायचो. किती दाबाला फुटला तो आकडा मुलगा आपल्या प्रबंधात लिहायचा, मी माझ्या रजिस्टरात. शिकवणारे वेगळे, पदव्या देणारे वेगळे. माझं काम एवढंच.

देस्मावार्ती आमच्याच विभागात शिकली, तिथेच प्राध्यापक झाली आणि पुढे गुणवत्ता कक्षाची प्रमुख. सगळे तिला ‘बु देस्मा’, म्हणजे देस्माबाई, म्हणायचे. ती मात्र मला विद्यार्थिनी असल्यापासून ‘उदा’ म्हणायची, दादा म्हणावं तसं. प्रमुख झाल्यावरही तिने ते सोडलं नाही. पदवीचा दर्जा राखणं हे तिच्या कक्षाचं काम. त्यामुळे ती दिसली की निम्मा स्टाफ वाट बदलायचा.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी ती प्रयोगशाळेत आली. हातात अकरा प्रबंधांची यादी होती. महिनाभराने विभागाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती येणार होती, म्हणून ती जुने प्रबंध चाळत होती.

“उदा, मशीन कधी बिघडलं होतं?”

“फेब्रुवारीत. पंपाचा भाग जाकार्ताहून यायचा होता. जुलै संपता संपता सुरू झालं.”

“मग या अकरा जणांनी मार्च ते जूनमध्ये ठोकळे कुठे फोडले?”

मी रजिस्टर काढलं. सहा महिन्यांच्या पानांवर माझ्याच अक्षरात एकच शब्द होता: बंद. तिने पानं उलटली, पण फोटो काढला नाही. तुमचं अक्षर आहे ना, मग पुरे, म्हणाली. आता वाटतं, तेव्हा तिने फोटो काढला असता तर मी कदाचित इतका घसरलो नसतो.

तिथून ती थेट अधिष्ठात्यांकडे गेली. पाक शाफ्रीनाल्दी, आम्हा सगळ्यांचे पाक शाफ्री; पाक म्हणजे सर. ते तिचे गुरू. २००९च्या भूकंपानंतर त्यांनी तिची सगळी तुकडी एका पडलेल्या इमारतीपाशी नेली होती. मीही बरोबर होतो. त्यांनी खांबाचा एक तुकडा उचलला, मुठीत दाबला, त्याचा भुगा झाला. “हे कोणीतरी तपासून सही केलेलं काँक्रीट आहे,” एवढंच म्हणाले. देस्माची मावशी अशाच एका इमारतीखाली सापडून गेली होती. ती पोर तिथेच खाली बसली. पाक शाफ्रींनी तिला उठवलं, घरी पोचवलं आणि पुढे स्वतः धडपड करून तिला बांडुंगला वरचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्यांच्या शब्दावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता.

ती खाली आली तेव्हा चेहरा हलका झालेला होता. पाक शाफ्रींनी यादी ठेवून घेतली, तिचं कौतुक केलं आणि सांगितलं की त्या अकरा जणांना बोलावून चाचण्या पुन्हा करून घेऊ. समिती जाऊ दे, मग मी बघतो. जाता जाता विभागाच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर तिची सहीही घेतली. पुरवण्या जोडायच्या राहिल्या होत्या, पण सही आधी होणं हे आमच्याकडे नेहमीचंच.

आठवड्याने मला वर बोलावणं आलं. टेबलावर एक कोरं रजिस्टर होतं, मुखपृष्ठ आमच्यासारखंच. जुनं भिजून खराब झालंय, असं पाक शाफ्री म्हणाले. भिजलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. नवीन उतरवून काढ, आणि या तारखांना मशीन चालू होतं असं धर. शेजारी अकरा प्रबंधांतले आकडे टाईप करून ठेवले होते. देस्माने विश्वासाने दिलेल्या यादीवरूनच ते काढले होते.

मी उभाच राहिलो. तेव्हा ते शांतपणे बोलले.

“एरीजाल, चारशे पोरं आहेत या विभागात. श्रेणी घसरली तर त्यांच्या पदवीला नोकरीच्या दारात कोणी विचारणार नाही. अकरांसाठी चारशेंना बुडवायचं का? आणि तुझ्या कायम नोकरीचा कागद यंदा सहीला आलाय.”

अठरा वर्षं मी दरवर्षी नव्याने नेमला जात होतो. मी रजिस्टर उचललं. तीन दुपारी बसून लिहिलं. शाई एकसारखी दिसू नये म्हणून पेनं बदलली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुचलं. जुनं रजिस्टर जाळून टाक म्हणाले होते. ते मी घरी नेलं आणि कपाटावर, जुन्या चादरीखाली ठेवलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

समितीत दोघं होती. त्यातल्या वयस्क बाईंनी कपाटातून हाताला येतील ते प्रबंध काढले आणि त्यात अकरांतला एक निघाला. ठोकळे कुठे फोडले, त्यांनी विचारलं. मी रजिस्टर पुढे ठेवलं. देस्मा त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने पान पाहिलं, तारखांवरून बोट फिरवलं.

“हे बरोबर नाही,” ती म्हणाली. “मशीन तेव्हा बंद होतं.”

पाक शाफ्रींनी अहवाल उघडला आणि अगदी मायेने, शिकवताना बोलत तसे बोलले, की बु देस्मांवर कामाचा ताण फार आहे. या अकरा प्रबंधांची मूळ आकडेवारी त्यांनी स्वतःच तपासली आहे, ही पुरवणी आणि ही त्यांची सही.

सही तिचीच होती. पुरवणी तिने जन्मात पाहिली नव्हती.

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही सांगा. मशीन चालू होतं का?”

“चालू होतं,” मी म्हणालो.

देस्माने पाक शाफ्रींकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ती खाली आली. मी हौद धूत होतो.

“जुनं रजिस्टर कुठे आहे?”

“जाळलं.”

“तुम्ही जाळलंत?”

“हो.”

“त्यांनी मला फसवलं ते मोठ्या कशासाठी तरी, असं मी मनाला सांगू शकते,” ती म्हणाली. “तुम्ही कशासाठी?”

कायम नोकरीचं मी सांगितलं नाही. मी झाडूने पाणी लोटत राहिलो आणि ती गेली.

विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. फाटकावर फलक लागला, गोरेंग पिसांगच्या, तळलेल्या केळ्यांच्या, पराती फिरल्या. महिन्याभरात माझा कागद सही होऊन आला. देस्माने कक्षाचं प्रमुखपद सोडलं आणि समिती पाठवणाऱ्या मूल्यांकन परिषदेला पत्र लिहून आपली सही मागे घेतली. पुरावा मागणारं उत्तर आलं, पुरावा तिच्याकडे नव्हता. विद्यापीठात मग ज्याने त्याने तोंडसुख घेतलं: खाल्ल्या घरचे वासे मोजले, गुरूला विसरली. तिचेच विद्यार्थी तिच्या तासाला बसेनात. आमच्या पदवीवर डाग लावायला निघालेल्या बाई, असं एकाने तिला तोंडावर सुनावलं. पाक शाफ्री कोणी विषय काढला की सुस्कारा सोडून म्हणत, गुणी होती हो. होती, म्हणत.

मी हे सगळं वर्षभर पाहिलं आणि कायम नोकरीचा पगार घेतला.

मग एके सकाळी नोफ्रीचा फोन आला. अकरांतलाच हा मुलगा. परियामानला शाळेच्या इमारतीवर तपासणीस म्हणून लागला होता.

“पाक, एक विचारायचं होतं. इथले ठोकळे सतराला फुटतायत. पाहिजेत पंचवीस. कंत्राटदार म्हणतो आकडा टाक. तर सरसकट पंचवीस टाकतात, की थोडं वरखाली? एकसारखे दिसले तर संशय येतो ना?”

त्याच्या आवाजात अपराध नव्हता. सुट्टीचा अर्ज कसा लिहायचा ते विचारावं तसं त्याने विचारलं. असंच असतं, हे आम्हीच त्याला पदवीसकट दिलं होतं. मी म्हणालो, ओतणं थांबव. तो हसला. “मी कोण थांबवणारा, पाक?”

मी तसाच घरी गेलो, कपाटावरून जुनं रजिस्टर काढलं आणि देस्माच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने ते हातात घेतलं, फेब्रुवारीचं पान उघडलं.

“जाळलं नव्हतं तर.”

“नव्हतं.”

“वर्षभर तुमच्याकडे होतं.”

तिने मला आत बोलावलं नाही.

त्यानंतरचं भराभर झालं. त्या शाळेचं काम नोफ्रीने थांबवलं नाही. देस्माने कळवल्यावर जिल्ह्याच्या माणसांनी येऊन थांबवलं. परिषदेने फेरतपासणी केली, श्रेणी दोन पायऱ्या खाली आणली. अकरांना बोलावलं, सात आले. त्यांचे नव्याने ओतलेले ठोकळे देस्माने समोर उभं राहून फोडून घेतले. चौघांचे आकडे प्रबंधातल्या आकड्यांच्या जवळपासही नव्हते. पुढच्या वर्षी विभागात निम्मी मुलं आली आणि त्याचं खापर लोकांनी तिच्याच डोक्यावर फोडलं. मला काढून टाकलं, ते योग्यच झालं. आता मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. पाक शाफ्री चौकशी पुरी व्हायच्या आत निवृत्त झाले. त्यांचा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली. देस्माला त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

ईदला आमच्याकडे घरोघर जाऊन एकमेकांची माफी मागतात. शब्द ठरलेले, बाहेरची-आतली सगळी चूक पोटात घाल. मी यंदा तिच्या घरी गेलो. ओटीवर पाहुणे होते, तिची आई केतुपात, विणलेल्या पानांत शिजवलेला भात, वाढत होती. देस्मा पुढे आली, हात जोडले आणि ते ठरलेले शब्द म्हणाली, माझ्या आधीच्या पाहुण्याला म्हणाली तसेच.

“मी रिवाज म्हणून आलो नाही, देस्मा,” मी म्हणालो. “खरंच मागतोय.”

तिने आईच्या हातातली थाळी घेऊन माझ्यापुढे धरली.

“रजिस्टर तुम्ही आपणहून आणून दिलंत, हे मी परिषदेला लिहिलंय. ते खरं होतं, म्हणून लिहिलं. माफ केलं असंही म्हणून टाकलं तर ते खोटं होईल. जेवा.”

मी जेवलो. ती दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली.