गेटाच्या तोंडावरचा राखणदार

आमच्या गेटाच्या तोंडावर जो शेंदरी दगड बसला होता, तो आमच्याच माणसानं बसवलेला. जुन्या मिठागराच्या बांधावरनं हातगाडीत घालून आणला, तेलात कालवलेला शेंदूर फासला, वर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि घरात येऊन निवांत चहा प्यायला. कारण काय, तर कामोठ्यातले रिक्षावाले आमच्याच गेटासमोर गाडी आडवी लावायचे आणि तिथंच भिंतीला मुतायचे. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. मग आमचे हे म्हणाले, "भामा, आता बग गंमत. आता कोण मुततो तेच बगतो." खरंच, नंतर कोणी मुतलं नाय.

पण गंमत तिथं थांबली नाय ना! दर रविवारी नारळ वाढवायला लागले. रिक्षास्टँडच्या बाळूनं वर्गणी काढली, विटांचा कट्टा बांधला, वर पांढऱ्या टाइल लावल्या. नाव पडलं राखणदार. आमी नवरा-बायको घरात बसून पोट धरून हसायचो. आमच्यात देव बसवायचा तर कौल लावतात, भगत बोलावतात, गाव जमवतात. हातगाडीतनं आणलेला देव कोण मानणार? पण मानला की लोकांनी. परीक्षेला जाणारी पोरंसुद्धा पाया पडून जायची.

मग ह्यांच्या छातीत कळ आली आणि हसणं संपलं.

आमचं घर गावठाणातलं, आत. तिन्ही बाजूंनी बिल्डिंगी उभ्या राहिल्या, उरला तो गेटापासनं घरापर्यंतचा लांब बोळ. गेटासमोर गटार आणि नवा फुटपाथ, एवढा उंच की चाक चढायचं नाय. अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्यावर कोकलत उभी, आणि हे आत खाटेवर घामानं भिजलेले. आमचा पोरगा हरेश उरणला ड्युटीवर. शेवटी बाळू आणि स्टँडवरची पोरं धावत आली, ह्यांना खुर्चीत बसवून उचललं. ह्यांचं शरीर काय लहान हाय? गेटापाशी पोरांचे हात सुटले, खुर्ची खाली टेकली, आणि ह्यांचा हात त्या दगडावर पडला.

वाचले. पण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "मावशी, पुन्हा असं झालं तर त्यांना बसवायचं नाही, उठवायचं नाही. गाडी दारापर्यंत आली पाहिजे. या वेळेसारखा उशीर झाला, तर माझ्या हातात काही नाही."

तेवापासनं हे नुसते खोकले तरी मी धावत खाटेपाशी जायचे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. भाजी चिरताना मधेच उठून बगून यायचे, ह्यांची छाती वर-खाली होते का. भीती म्हंजे काय ते मला आता कळलं. ती कामाला लागलेल्या बाईच्या मागं मागं फिरते.

आणि ह्यांचं वेगळंच सुरू झालं. "भामा, मला राखणदारानं धरून ठेवला. त्याचा हात सोडला असता तर मी गेलो होतो." मला वाटलं थट्टा करतात. मी म्हणाले, "आवं, तुमीच तर आणला त्याला!" तर ह्यांनी माझ्याकडे असं बगितलं, जसं मीच काय वाईट बोलले. रोज सकाळी काठी टेकत गेटापर्यंत जायचे, दगडाला हात लावायचे, मग गोळ्या घ्यायचे. आधी तो, मग गोळ्या.

माझ्या सुनेचं नाव पूर्वी, चांगली शिकलेली. तिनं पालिकेत अर्ज केला, गेटासमोरचा फुटपाथ कापून गाडी चढायला उतार करून द्या म्हणून. त्यांचा माणूस आला, जागा बगून गेला, आणि नकार आला. प्रवेशाच्या जागेवर धार्मिक स्थळ आहे, परवानगी देता येत नाही. मी कपाळाला हात लावला. आता बोला! नवऱ्यानं स्वतःच्याच दारात स्वतःच्याच हातानं खुट्टी मारून ठेवली.

पूर्वी म्हणाली, "आई, आपण अपील करू. खरं काय ते सांगायचं फक्त."

"फक्त" म्हणे! तिचं माहेर शेजारच्या सेक्टरचं, तिला काय ठाऊक? मी ह्या लोकांत राहते. त्यांच्या देवाला दगड म्हणायचं, आणि उद्या परत त्यांच्याच खांद्यांची गरज लागायची.

सुनावणीला बाळू पण आला होता, हरकत घ्यायला. चार माणसं सोबत. अपील ऐकणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हे स्थान किती जुनं आहे?" बाळू छाती पुढं काढून म्हणाला, "मॅडम, पूर्वापार हाय. आमच्या आज्याच्या आधीपासनं."

  पूर्वीनं माझा दंड दाबला, तशी मी उठले. "खोटं हाय, मॅडम. तो मिठागराचा दगड हाय. आमच्या माणसानं आणलाय, लोक मुतू नयेत म्हणून. शेंदराची उरलेली पुडी अजून माझ्या घरात पडलीय, पायजे तर आणून दाखवते."

 मॅडमनी कागदावर कायतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "काकू, तुमच्या घरच्यांनी बसवलाय, तर तुमच्याच घरच्यांनी काढायचा. आमचा कोणी हात लावणार नाही. उतार मंजूर करते."

जिंकलो आमी. पण बाहेर पायरीवर बाळू माझ्या आडवा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. "काकू, काकांना खुर्चीतनं मी उचललं होतं. तुमी देवाला दगड म्हणालात. आता काय झालं तर आमाला हाक मारू नका."

घरी येऊन सांगितलं, तर हे लहान पोरासारखे रडायला लागले. माझा पदर धरला. "भामा, त्याला उठवलास तर मी नाय राहणार. तुला सांगून ठेवतो."

घ्या! दगड राहिला तर गाडी आत यायची नाय आणि माझा माणूस जाणार. दगड उठवला तर ह्या धसक्यानं माझा माणूस जाणार. कुठं जाऊन डोकं आपटायचं बाईनं? हरेश फोनवर म्हणाला, "आई, काढून टाक." तू ये ना मग काढायला! पण त्याची पण छाती झाली नाय. सुट्टी मिळत नाय, म्हणाला.

कामगार आले त्या दिवशी मी सकाळपासनं खाल्लं नव्हतं. त्यांनी फुटपाथ कापला, गटारावर लोखंडी जाळी टाकली, खडी पसरून दाबली. बरोबर मधोमध राखणदाराचा कट्टा तसाच ठेवला. दुपारी मुकादम म्हणाला, "आमी जेवून येतो. तोवर देव उचला. नायतर आमाला दुसरं काम हाय."

हे खिडकीतनं सगळं बगत होते. मी पहार आणायला घरात आले, मागच्या खोलीकडे वळले, आणि मागनं खाट करकरली. ह्यांचा हात छातीवर, ओठ निळे, आवाज फुटत नाय. पूर्वीनं फोन लावला. मी फक्त पाय चोळत होते आणि देवाचं नाव घेत होते. कुठल्या देवाचं, ते विचारू नका.

गाडी लवकर आली. गेटाच्या तोंडाशी येऊन ब्रेक मारला. मी धावत गेले. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून उभा. "आजी, मधे देव हाय. मी नाय घालणार गाडी."

रस्त्याच्या पलीकडे बाळू आणि त्याची पोरं. मी बाळूकडे बगितलं. हाक नाय मारली, नुसतं बगितलं. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि तिथंच उभा राहिला. पुढं काय आला नाय.

मग मी घरातनं पहार आणली आणि कट्ट्यावर घातली. पहिल्या घावाला टाइल फुटली, आणि मला वाटलं, आत घरात ह्यांचा श्वास तुटला. खरं सांगते, त्या वेळी तो मला दगड वाटला नाय. तोंडानं मी सारखी म्हणत होते, "रागावू नको रे बाबा, रागावू नको." विटा निघाल्या. मिठागरात ओझी वाहिलेली बाई मी. बसून दोन्ही हातांनी उपसला आणि पोटाशी धरला. शेंदूर सगळा लुगड्याला लागला.

"घाल गाडी!" मी ओरडले.

गाडी दारापर्यंत गेली. ह्यांना आडवंच घेतलं, जसं डॉक्टरनं सांगितलं होतं तसं. बोळातनं बाहेर येताना ह्यांचे डोळे मागच्या काचेकडे गेले. तिथं आता नुसता खड्डा. ह्यांची मान उठायला लागली, मशीन जोरात वाजायला लागलं.

"भामा... तो कुठं..."

"कुठं जाणार? पायाशी बगा. आपल्या संगं येतोय."

ह्यांच्या पायाचा अंगठा हलला, दगडाला टेकला. मान परत उशीवर टेकली. गाडीतली सिस्टर म्हणाली, "अहो आजी, हे काय ठेवलंय? खाली उतरवा ते."

"गप. गाडी चालवायला सांग."

वळणावर दगड घरंगळायला लागला तसा मी तो घट्ट धरला. भर कचेरीत ज्याला दगड म्हणाले, त्याच्याशी मी अख्खा रस्ता बोलत होते. इतके दिवस फुकटचे नारळ खाल्लेस ना, म्हटलं, आता माझ्या माणसाला धरून ठेव. मशीन वाजत होतं आणि मी एका हातानं त्याला धरलं होतं, एका हातानं ह्यांना, आणि कोणाचाच हात सोडायचा मला धीर होत नव्हता.