एकोणीसच्या पुढची जागा

“आजी, तुम्ही अजून मेला कशा नाहीत?”

प्रश्न भिंगरीच्या तोंडातून सुटला. दाराबाहेर लंबी आणि चष्मिश या तिच्या दोन मैत्रिणी भिंतीला पालीसारख्या चिकटून ऐकत होत्या. पैज त्यांचीच. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत भिंगरीचा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आपलं तोंड आता कुठेही, कोणासमोरही चालतं, असं ती जरा जास्तच वेळा बोलून दाखवायची. “मग बाइंडर आजीला विचार,” चष्मिश म्हणाली होती. “तिच्या दगडाबद्दल.”

तो दगड सगळ्यांना ठाऊक होता. चर्चच्या मागे दफनभूमीत, फाटकापासून तिसऱ्या ओळीत. डावीकडे बाइंडर आजोबांचं नाव आणि दोन सालं. उजवीकडे आजीचं नाव, १९३७, आडवी रेघ, आणि त्यापुढे १९. बस. पुढे कोरा दगड. नवराबायकोचा दगड एकच करायचा आणि मागे राहिलेल्याचं नाव तेव्हाच कोरून ठेवायचं, ही तिथल्या मंडळीची रीतच होती. पण शतकाचे आकडे आगाऊ कोरण्याचा शहाणपणा एकाच दगडावर झाला होता, आणि तो केला होता भिंगरीच्या आजोबांनी. शतक कधीच संपलं. आजी तिच्या दुकानात पुस्तकं बांधत बसली होती. आणि लोक अजून भिंगरीच्या पप्पांना विचारायचे, “काय हो, तुमच्या वडिलांनी पुढचं कॅलेंडर बघितलंच नव्हतं का?” पप्पाही दगडावर नावं कोरायचे. ते हसायचे नाहीत.

आजीने गीतपुस्तकाच्या पाठीला टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि मगच मान वर केली.

“बाहेरच्या दोघींनाही आत बोलव. वाऱ्यात सर्दी होईल.”

बाहेर चपलांचा फटफट आवाज झाला आणि लांब गेला.

“पळाल्या. तू बस. हे टोक धर, ताणून.” भिंगरीने दोरा धरला. दुकानात पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास होता. लाकडी दाबात पुठ्ठ्याची चार पुस्तकं आवळून ठेवलेली होती. आजी रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं. “मरायचं राहिलंय खरं,” ती म्हणाली. “तू कुठल्या सालची?”

“दोन हजार दहा.”

“हं. म्हणजे तुझे पहिले दोन आकडे पप्पांनी आत्ता कोरून ठेवले तरी चालतील. तुझ्या बाबतीत चुकायचे नाहीत.”

हे तिने हसत, अगदी मायेने सांगितलं. भिंगरी पैज जिंकून घरी आली आणि तिला जेवण गेलं नाही.

ऐंशी वर्षं जगली तरी वीसच. उद्या गेली तरी वीसच. अर्धं उत्तर आधीच लिहून झालं होतं आणि इतकी वर्षं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी वर्गात बाईंनी फळ्यावर तारीख लिहायला घेतली. दिवस लिहिला, महिना लिहिला, मग २० लिहिलं, आणि मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं म्हणून खडू तसाच हातात धरून त्या वळल्या. चांगलं दोन मिनिटं झापलं त्यांनी. ती दोन मिनिटं भिंगरी फळ्याकडे बघत होती. वीस, आणि पुढे काळा फळा. तिच्या वहीतही तिचा हात तिथेच थांबला होता. बाईंनी उरलेले आकडे लिहिले तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

“अगं, पैज जिंकलीस ना? मग थोबाड का पाडलंस?” लंबीने विचारलं.

“काही नाही.”

“बघा, भाषणवालीचा सेल संपला.”

घरी तर चैनच पडेना. पप्पांचं कामाचं ठिकाण घराला लागूनच होतं. पत्र्याची लांब शेड, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले दगड, सगळे पाठमोरे. लहानपणी ती त्यांच्या मागे लपायची, वर बसून पाय हलवायची. आता पाण्याची बाटली आणायला पलीकडे जायचं तरी ती अंगणातून वळसा घालून जायची. दिवसाढवळ्या. तिला वाटायचं, आपण मधून गेलो तर त्यातला एखादा वळून बघेल, आणि त्यावरचं नाव ओळखीचं निघेल.

माणसांकडे बघणंही अवघड झालं. मम्मी दवाखान्यात एक्स-रे काढायची. संध्याकाळी येऊन ती केस मोकळे सोडून बसली की भिंगरीला तिच्या खांद्याशी दिसायचं, एकोणीसशे ब्याऐंशी, रेघ, वीस. भाजी चिरताना पप्पा कसलं तरी गाणं गुणगुणत होते. त्यांच्या कपाळावर रेघ. शेवटी तिने आरशात बघणं बंद केलं, आणि ज्या मुलीचे दोन तास आरशात जायचे तिने असं केल्यावर घरात लक्षात येणारच.

“कोणी काही बोललं का?” मम्मीने विचारलं.

“नाही.”

“मग प्रार्थनेला डोळे उघडे ठेवून का बसतेस?”

डोळे मिटले की तो कोरा दगड समोर येतो, हे मम्मीला कसं सांगायचं? आभार मानायचे तरी कशाचे, हे तिला कळेनासं झालं होतं. जे हातात देऊन पुन्हा काढूनच घेणार आहेत, त्याचे?

त्यातच बुधवारी पप्पा म्हणाले की दफनभूमीची साफसफाई निघाली आहे आणि शनिवारी ते बाइंडर आजीच्या दगडाचा दर्शनी भाग पूर्ण घासून काढणार आहेत. दोन्ही नावं नव्याने कोरायची, आणि आजीच्या रेघेपुढे काही नाही. “आबांची चूक निदान नजरेआड होईल,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं ऐकून घेतलं.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर भिंगरी तडक दुकानात गेली. दप्तरही काढलं नाही.

“तुम्ही माझ्या डोक्यात घातलंत,” ती म्हणाली. “आता तुम्हीच काढा.”

आजीने खळीचा ब्रश ठेवला. तिने भिंगरीकडे नीट पाहिलं, डोळ्यांखालच्या काळ्या कडा पाहिल्या, आणि तिचा चेहरा उतरला.

“अगं बाई. मी गंमत केली होती गं. म्हाताऱ्या माणसाला मरणाची गंमत करायची सवय लागते. चुकलं माझं. बस.”

“पप्पा शनिवारी दगड घासणार आहेत.”

“हो का.” दाबाचा दांडा आजीने उगीचच अर्धा फेरा आवळला. “तो घासायला नको होता.”

“का? चूकच आहे ना ती. आजोबांची.”

“आजोबांची नाही,” आजी म्हणाली. “माझी.”

मग तिने सांगितलं. मधेमधे थांबत, मधेच एखादं पान सरळ करत.

“यांना पुरलं त्या महिन्यात मी रक्त ओकत होते. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढलंत तर पुष्कळ. तुझे आजोबा दगड मांडून बसले होते. माझ्या नावापुढे त्यांनी रेघ मारली आणि हातोडी ठेवली. मी म्हटलं, एकोणीस घाला. ते म्हणाले, बाई, असं कोणी घालत नाही. मी म्हटलं, घाला, मला कुठे जायचंय ते दिसू दे. तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा मी त्यांच्या अंगावर ओरडले. तेव्हा त्यांनी छन्नी उचलली. देवाशी बोलणं टाकलं होतं मी. घेऊन जा, एवढंच तोंडात, आणि तेही धमकी दिल्यासारखं.”

“पण लोक आजोबांना हसायचे. तुम्ही का नाही बोललात?”

आजीचा हात थांबला.

“लाज. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं, गाणी म्हणायची, आणि सांगायचं की मी मरणाची ऑर्डर दिली होती? ते मला म्हणाले, राहू द्या, माझ्या नावावर खपून जाईल. खपवलं त्यांनी. जन्मभर हसू अंगावर घेतलं आणि तसेच गेले.”

भिंगरीला आजोबांचा खोकला आठवला. दगडाची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. लोक हसले की ते खोकायचे, आणि तिला वाटायचं तेही हसताहेत.

“नव्याण्णव सालचा शेवटचा दिवस,” आजी पुढे म्हणाली. “मला पक्कं वाटत होतं की आज न्यायला येणार. दगडावर लिहिलंय म्हटल्यावर देव तरी काय करणार? सगळी पुस्तकं ज्याची त्याला देऊन आले. डबे रिकामे करून धुऊन ठेवले, मागून कोणाला त्रास नको. चांगले कपडे घातले आणि दुपारीच आडवी झाले. जाग आली तर उजाडलेलं. आणि भूक अशी लागलेली, काय सांगू तुला. घरात कण नाही. शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, एवढ्या नटूनथटून सकाळी कुठे निघालात? तिच्या पायरीवर बसून पाव खाल्ला. शिळा, कोरडा. तसा पाव मी पुन्हा खाल्ला नाही. आणि खाता खाता देवाशी बोलले. किती वर्षांनी.”

“काय बोललात?”

“म्हटलं, मी एवढं मागितलं नव्हतं.”

बाहेरून सायकलची घंटी गेली. भिंगरीने विचारायचं ठरवलं नव्हतं, तरी विचारलं, “मग भीती गेली?”

“कुठली जातेय. रोज सकाळी उशाशी बसलेली असते. तिच्यासमोरच आभार मानते मी. ऐकू दे तिलाही.” आजीने डोळे पुसले, खळीच्या हातानेच, त्यामुळे पापणी चिकटली आणि ती स्वतःलाच हसली. “एकोणीस घासू नका गं. त्यावर एक रेघ ओढा, बारीक, खालचं वाचता येईल अशी. आणि शेजारी माझं खरं साल घाला, ते येईल तेव्हा. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, बाईने किती मागितलं होतं आणि तिला किती दिलं.”

“मग पप्पांना सांगा ना.”

“चारदा गेले. चारदा हवापाण्यावर बोलून परत आले. तुझं तोंड चालतं, तू सांग. आणि हळू सांगू नकोस. मंडळीत सगळ्यांना कळलं तरी चालेल. तुझ्या आजोबांना हसून झालंय पुष्कळ, आता लोक मला हसू देत.”

भिंगरी घरी आली ती थेट शेडमध्ये शिरली, दगडांच्या मधल्या वाटेने. कोणी वळून बघितलं नाही, पण बघणारच नाही असंही तिला वाटलं नाही. पप्पा छन्नीला धार लावत होते, मम्मी चहाचा कप घेऊन उभी होती. तिने सगळं सांगितलं, एका दमात, वक्तृत्वाचा एकही हातवारा न करता.

पप्पांनी छन्नी खाली ठेवली.

“आबांनी मलासुद्धा सांगितलं नाही,” ते म्हणाले. “मी त्यांच्यावर चिडायचो. तोंडावर बोललोय मी त्यांना.” त्यांनी हाताच्या पाठीने नाक पुसलं. “तरी खाडाखोड केलेला दगड माझ्या हातून नाही व्हायचा. इतक्या वर्षांत एक अक्षर खोडलं नाही मी. नाही जमणार.”

“मग दुसरं कोणीतरी करेल,” मम्मी म्हणाली.

“मी करेन,” भिंगरी म्हणाली.

“काहीतरीच. धुळीत? तुझ्या आजोबांच्या छातीचे फोटो मी स्वतः काढलेत. दहावीचं वर्ष आहे तुझं.”

“दहावी देणार आहे. शाळा सोडत नाहीये, मम्मी. तोंडाला फडकं बांधेन, दगड ओला ठेवेन. उद्यापासून रोज एक तास पप्पांनी मला शिकवायचं, आधी टाकाऊ तुकड्यावर. आजीचं साल मी कोरणार, जेव्हा येईल तेव्हा, आणि एकोणीसवरची रेघही मीच ओढणार. मला भीती वाटते, हे खरं आहे, आठवडाभर वाटतेय, पण तरी मीच करणार. आणि शनिवारी कोणी ग्राइंडर घेऊन त्या दगडापाशी गेलंच, तर मी त्या दगडावर जेवणाचा डबा घेऊन बसलेली असेन, हे दोघांनाही आत्ताच सांगून ठेवते.”