दोनशे सोळा तक्ते, बिनचूक

शिवकामीनं साताच्या जागी नऊ लिहिला, जाणूनबुजून, आणि मन बदलायला सवड मिळू नये म्हणून लगेच त्यावर टिपकागद दाबला.

"झालं का गं, मिशीन-अम्मा?" ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडून चंद्रमौळीकाकांनी विचारलं.

"झालं!" आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तक्ता दोनशे चौदावा होता. एकूण दोनशे सोळा. नदीवरच्या नऊ मोजपट्ट्या, वर्षाचे चोवीस पंधरवडे, आणि प्रत्येक तक्त्यावर एकतीस वर्षांची पाण्याची उंची, फूट आणि दशांशात. त्यांची बेरीज करायची, सरासरी काढायची, तळाशी सही करायची. कोळ्ळिडम नदीचा बांध कुठं किती उंच करायचा हे त्या सरासऱ्यांवरून ठरणार होतं, म्हणून काकांच्या मद्रासच्या ऑफिसचा दंडक कडक होता. प्रत्येक तक्ता दोघांनी वेगवेगळा सोडवायचा, एकमेकांचा कागद न बघता. दोन्ही उत्तरं जुळली तरच तक्ता खरा.

दुसरी सही काकांच्या बायकोची, मीनाक्षीकाकीची. ओसरीवर शिवकामीचं गणिताचं हातयंत्र आणि आतल्या खोलीत काकीचं. काकी पूर्वी ओसरीवरच बसायची. यंत्राचा दांडा फिरवायला, गाडी एकेक घर सरकवायला, खिडक्यांतले आकडे उतरवायला तिनंच शिवकामीला शिकवलं होतं. पोंगलनंतर तिला उजेड सोसेनासा झाला, असं काका म्हणाले आणि काकीचं टेबल आत गेलं. तेव्हापासून दार लोटलेलं असे. काका तक्ता घेऊन आत जायचे, वीस-पंचवीस मिनिटं आतून दांड्याची घरघर यायची, मग काका दोन्ही कागद घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "जुळला."

दोनशे तेरा वेळा जुळला होता. एकदाही चुकला नव्हता. शिवकामी शाळेत हे सांगत सुटली होती, नळावर सांगत होती, आणि दारासुरमहून साड्या घेऊन येणाऱ्या बाईनं ऐकून घेतलं तर तिलाही सांगत होती. घरी वडील, जानकीराम, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून आले की तिचं पुराण सुरू व्हायचं. ते एकदा कंटाळून म्हणाले, "पोरगी हुशार आहे असं सगळेच बाप म्हणतात. मज कागद दाखव. चंद्रमौळी लिहून देऊ दे. मग पाठवतो तुज मद्रासला, इंटरमिजिएटला."

काका लिहून देणार होते. सोमवारी तक्त्यांचा गठ्ठा आणि ते पत्र बरोबरच टपालात पडायचं होतं.

आणि गुरुवारी, आपल्या कच्च्या प्रती दोऱ्यात ओवताना, तिच्या हाताखाली एकशे एकतिसावा तक्ता आला. त्या दिवशी तिला ताप होता, तरी ती हट्टानं येऊन बसली होती. त्या तक्त्यात एका वर्षापुढे आकडाच नव्हता, नुसती रेघ. त्या साली मोजपट्टीच वाहून गेली होती. म्हणजे भागायचं तिसानं. तिनं एकतिसानं भागलं होतं. चौदा पॉइंट दोनच्या जागी तेरा पॉइंट चौऱ्याहत्तर. साडेपाच इंच कमी.

तिनं घाईघाईनं काकीचा जोडकागद काढला. तेरा पॉइंट चौऱ्याहत्तर. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात: जुळला.

माणसं चुकतात. दोघं एकाच जागी चुकू शकतात. पण यंत्राला हात लावू देण्याआधी काकीनं तिला जी पहिली गोष्ट शिकवली ती हीच होती: जिथं आकडा नाही तिथं शून्य नाही गं, तिथं काहीच नाही, ते वर्ष मोजायचंच नाही.

म्हणून आज साताच्या जागी नऊ.

काका तक्ता घेऊन आत गेले. दार लोटलं गेलं. शेजारच्या विणकरांच्या मागांची खटखट चालू होती, तिच्या आडून दांड्याची घरघर ऐकू येत होती. शिवकामी वेणीचं टोक चावत बसली. वीस मिनिटांनी काका बाहेर आले.

"जुळला," ते म्हणाले.

तिनं कागद बघायला मागितला. जांभळ्या शाईतलं काकीचं नेटकं अक्षर, तिचा तो तोंड उघडं ठेवलेला चार. आणि तळाशी नऊ.

"काय गं, अशी का बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

"काही नाही, काका. काकीचं अक्षर किती छान आहे."

"हूं," काका म्हणाले, आणि कागद तिच्या हातून जरा लवकरच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि अमावास्या. अमावास्येला विणकर मागावर बसत नाहीत. गल्ली इतकी गप्प होती की ओसरीवर पाऊल टाकताना शिवकामीला आपल्याच पावडैची, लांब परकराची, सळसळ ऐकू आली. काकांनी तिच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला, शेवटचे दोन तक्ते ठेवले.

"आज संपवून टाक. पत्र लिहून ठेवलंय मी. ऐकतेस?" त्यांनी चष्मा लावला. "'दोनशे सोळा तक्ते, बिनचूक. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही.' सरी? ठीक ना?"

"सरी," ती म्हणाली. कालपर्यंत हे ऐकून ती ओसरीभर नाचली असती.

दोनशे पंधराव्या तक्त्याची सरासरी एकोणीस पॉइंट एक आली. तिनं लिहिलं एक्याण्णव. मोजपट्टीच मुळात पंचवीस फुटांची होती. एक्याण्णव फूट पाणी म्हणजे गावावरून, नारळांच्या शेंड्यांवरून पाणी. शाळेत नुकती आलेली पोरगीसुद्धा हा आकडा बघून हसली असती.

काका तक्ता घेऊन आत गेले.

यावेळी माग नव्हते. शिवकामीनं स्वतःच्या यंत्रावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि ऐकलं.

या यंत्राचं काम नुसतं ऐकूनही कळतं. एक आकडा लावायचा, दांडा एकदा फिरवायचा, थांबायचं, पुढचा आकडा लावायचा. आकड्याच्या खिट्या सरकताना टिक टिक वाजतात. भागाकाराला दांडा उलटा फिरतो, मग गाडी घर सोडते तेव्हा खट् होतं. आंधळ्यालाही सांगता येईल की आत बेरीज चाललीय की भागाकार.

आतून आवाज येत होता: घर्र. घर्र. घर्र. घर्र.

खिटी नाही. गाडी नाही. मध्ये थांबणं नाही. एकाच लयीत, जात्यासारखं. तिनं मोजायला सुरुवात केली आणि दोनशेवर गेल्यावर सोडून दिलं. दुपारचं लख्ख ऊन ओसरीवर पसरलं होतं, तरी तिच्या दंडावर काटा उभा राहिला. असं कुठलंही गणित नव्हतं.

काका बाहेर आले. "जुळला."

एक्याण्णव. जांभळ्या शाईत, नेटका. आत घरघर चालूच होती.

"काका," ती म्हणाली, "काकीचं झालं ना? मग यंत्र कोण फिरवतंय?"

काकांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. "गठ्ठा बांधायला सुतळी आणतो कोपऱ्यावरून," ते म्हणाले आणि चपला पायात सरकवून निघाले. गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

शिवकामीनं दार ढकललं.

तिला अंधार असेल असं वाटलं होतं. उजेड सोसत नाही म्हणे! खिडकी सताड उघडी होती आणि काकी भर उन्हात बसली होती, केस विंचरलेले, कुंकू सरळ. डोळे समोरच्या भिंतीवर. उजवा हात दांडा फिरवत होता. समोर कागद नव्हता. दौत नव्हती.

"काकी?"

काकीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. हात थांबला नाही.

शिवकामी वाकून यंत्राच्या खिडक्या बघू लागली. बेरजेच्या साऱ्या खिडक्यांत शून्यं. दांडा फिरे आणि शून्यात शून्य मिळे. फक्त फेऱ्या मोजणाऱ्या छोट्या खिडकीत आकडा पुढे पुढे चालला होता. आठ हजार चारशे सहा. आठ हजार चारशे सात.

कोनाड्यात जांभळ्या शाईची बाटली होती, काकांचा टाक होता. त्याखाली एक वही. तिनं पान उलटलं. पानभर नुसते चार. पहिले बुजरे, वाकडे, मग हळूहळू सुधारत गेलेले, तोंड उघडलेले चार, ओळीमागून ओळी.

"पोंगलच्या दुसऱ्या दिवशी पडली ती," दारातून काका म्हणाले. सुतळी न आणताच ते परतले होते. "तोंड जरा वाकडं झालं, ते सरळ झालं. पण अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखत नाही. बोलत नाही. माझ्याशीसुद्धा नाही."

"मग हे?"

"हात. हात ओळखतो दांडा. सुटला की पदर पिळत बसते, बोटं रक्ताळेपर्यंत." ते उंबऱ्यावरच बसले. एवढा मोठा माणूस उंबऱ्यावर बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. "ऑफिसला कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन गेले असते. दुसरं माणूस नेमलं असतं. आणि पोरी, तू होतीस. तू कधी चुकतच नाहीस. म्हणून तर मज एवढा धीर आला."

शिवकामीनं वही मिटली.

"मी चुकत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

काकांनी मान वर केली.

"एकशे एकतिसावा चुकलाय. तापात केलेला. काल मी मुद्दाम नऊ लिहिला. आज एक्याण्णव फूट पाणी लिहिलं. एक्याण्णव, काका! तुम्ही उतरवून काढलं आणि म्हणालात, जुळला."

घर्र. घर्र. घर्र.

"पोंगलपासूनचे सगळे," ती हळू म्हणाली. पहिलाच तक्ता पोंगलनंतर आला होता. म्हणजे दोनशे पंधराच्या दोनशे पंधरा. तिच्यामागे एवढे दिवस कुणीच नव्हतं. ज्या भिंतीला ती टेकून बसली होती ती भिंतच नव्हती.

काकांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "चुकलेले तीन सुधारू. बाकीचे खरेच असतील. पत्र सोमवारी जाऊ दे. जानकीरामला एकदा कागद मिळाला की तुझं..."

त्यांच्या बंडीच्या खिशातून पत्राचा कोपरा दिसत होता. शिवकामीनं तो पाहिला. मद्रास पाहिलं, हॉस्टेलची खिडकी पाहिली, अजून न घेतलेली पुस्तकं पाहिली. मग ती ओसरीवर गेली, पहिल्या तक्त्याची प्रत घेऊन आली आणि काकीच्या समोरचं स्टूल ओढून बसली.

"हे काय करतेस?"

"पडताळा," ती म्हणाली. "वाचून."

काकी धडधाकट असताना आधीच्या कामांचा शेवटचा पडताळा असाच व्हायचा. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकून प्रत्येक आकड्याला हं म्हणायचं. आता हं म्हणणारं कुणी नव्हतं, पण शिवकामीला दुसरी रीत माहीत नव्हती. आपलाच आवाज आपल्याला ऐकू आला तर चूक कानाला तरी लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"बारा पॉइंट चार," तिनं वाचलं. "पंधरा पॉइंट शून्य. तेरा पॉइंट आठ..."

आधी तिच्या लक्षातच आलं नाही. मग आलं. खोलीत फक्त तिचाच आवाज होता.

काकीचा हात दांड्यावर होता. थांबलेला. डोळे भिंतीवरच.

"सोळा पॉइंट एक," शिवकामी म्हणाली.

"हं," काकी म्हणाली.

उंबऱ्यावरचे काका उठले आणि उठता उठता भिंतीला धरून उभे राहिले. शिवकामीनं हात करून त्यांना थांबवलं. वाचत राहिली, हळू, एकाच पट्टीत, नजर कागदावरून न काढता. प्रत्येक आकड्याला हं येत होतं, कुठूनतरी लांबून आल्यासारखं, पण न चुकता. एकतीस आकडे झाले.

"बेरीज," ती म्हणाली. "चारशे एकोणचाळीस पॉइंट एक."

हं आलं नाही.

तिनं थोडं थांबून पुन्हा वाचलं. चारशे एकोणचाळीस पॉइंट एक. काकीची मान सावकाश तिच्याकडे वळली. चेहऱ्यावर ओळख नव्हती, राग नव्हता, काही नव्हतं. नुसती वाट बघणं होतं.

शिवकामीनं कागद मांडीवर घेतला आणि बोटानं एकेक ओळ धरत, यंत्राशिवाय, मनातल्या मनात बेरीज केली. मग खालून वर पुन्हा केली. बाराच्या जागी कुठंतरी तेराची खिटी लागली होती, त्या पहिल्या दिवशी, जेव्हा ती सगळ्यात जास्त आनंदात होती.

"चारशे अडतीस पॉइंट एक," ती म्हणाली.

"हं."

"काका," मागे न बघता शिवकामीनं विचारलं, "तांबडी पेन्सिल कुठं आहे?"

काका खणात, कोनाड्यात, फळीवर शोधू लागले. पोंगलपासून या घरात ती कुणाला लागलीच नव्हती, म्हणून सापडायला वेळ लागला.